उज्वलाबाई आणि तापणारं मशीन

आमच्या फूल उत्पादक संस्थेत उज्वला थेटे नावाच्या बाई आहेत. या बाईंनी एखादी गोष्ट एकदा सांगून सोडून दिली, असं माझ्या पाहण्यात कधी आलेलं नाही. ओल्या हातानं बटणं दाबू नका, हे त्या रोज सांगतात. सांगून झालं की भिंतीवर कागद चिकटवतात, आणि कागद चिकटवला आहे हेही येऊन सांगतात. त्यांची मुलगी दिशा घरी म्हणते, "आई, तुझं परत सुरू झालं." हे मला त्यांनीच चिडून सांगितलं, आणि तेही दोनदा.

मी खंडेराव. संस्थेत लिलाव पुकारतो. मखमलाबाद रस्त्याला आमचं आवार आहे. पुढे लिलावाची शेड, मागे शीतगृह आणि मध्ये ऑफिस. माझी खुर्ची आणि संगणकाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एकच भिंत आहे. त्यामुळे बाईंचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर येतंच. सकाळभर शेवंती, गुलाब, झेंडू ओरडून घसा बसलेला असतो, दोन घटका शांत बसावं म्हणून खुर्चीत टेकावं, तर पलीकडून सुरू. माझा स्वभावही काही गरीब गाईचा नाही. त्या भिंतीवर मी किती वेळा हात आपटला असेल याचा हिशेब नाही.

बाई मूळच्या नांदगावच्या. वडिलांचं तिथल्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की ही पोरगी दुकानात जाऊन बसायची. यंत्र खरखरायला लागलं की लोक त्याला थापडा मारतात, आणि वडील मात्र कान लावून बसायचे, असं त्या सांगतात. पुढे सायन्स केलं, नाशकात येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन मखमलाबादच्या थेट्यांकडे आल्या. थेट्यांची गुलाबाची शेती. बाई सुरुवातीला क्रेट घेऊन आमच्याकडे यायच्या आणि आमच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गोंधळ बघून तिथल्या तिथे वैतागायच्या. एक दिवस त्यांनी चेअरमन गोटीराम अण्णांना सांगितलं की जुनं एखादं मशीन द्या, मी सगळं बसवून देते. लिनक्स फुकट मिळतं हे कळल्यावर अण्णांनी लगेच मान डोलावली.

तेव्हापासून ती खोली बाईंची. टोकन, वजन, कुणाचा माल किती, शीतगृहाचं तापमान, सगळं एका मशीनवर. मधे जुनं जाऊन नवं मशीन आलं, पण बसवलं बाईंनीच. एक काळा उंच डबा टेबलावर ठेवलेला आहे, त्याला त्या सर्व्हर म्हणतात. त्याला बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. एकदा मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता. त्यावर जे ऐकलं ते माझ्या सासूनंही मला कधी ऐकवलेलं नाही.

आता हे दुखणं कसं सुरू झालं ते सांगतो. त्या मशीनच्या पोटात कर्नल म्हणून एक कारभारी असतो म्हणे. पंखा, डिस्क, प्रोसेसर, सगळ्यांशी तोच बोलतो, आणि काही बिनसलं की एका फाइलीत ओळ लिहून ठेवतो. त्या फाइलीला लॉग म्हणतात. जगात कुणी ती फाइल वाचत नसेल, पण आमच्या बाई रोज सकाळी चहाच्या आधी वाचतात. तर गणपती गेल्यावर एके सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की रात्री प्रोसेसरचं तापमान मर्यादेच्या वर गेलं होतं, मशीननं आपणहून वेग कमी केला. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तापमान वर, वेग कमी, तापमान पूर्ववत, पुन्हा वर. पानंच्या पानं तीच ओळ. शेवटी मशीनच कंटाळून लिहायला लागलं की मागचाच निरोप पुन्हा अनेकदा आला.

बाईंनी ते ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी, "काल रात्री पुन्हा तापमान वाढले. कृपया लक्ष द्यावे." खाली काय उत्तरं यायची? कुणाचा नमस्कार, कुणाचं गुलाबाचं चित्र, सुप्रभात. अण्णा अंगठा दाखवायचे. एकदा तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, कुणाचा वाढदिवस ते आजपर्यंत कळलेलं नाही. बाई मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारायच्या की हे लोक वाचतात तरी का. मी काय सांगणार, मी तो ग्रुप कधीच गप्प करून ठेवला होता.

पुण्याच्या एका कंपनीकडून आम्ही शीतगृहाची यंत्रणा घेतली आहे. त्यांच्या माणसाला बाईंनी फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, हे निरोप काही धोक्याचे नसतात, लॉगची पातळी कमी करा, दिसणारच नाहीत. बाई फोन ठेवून भिंतीपलीकडून मोठ्यानं म्हणाल्या की म्हणजे पोराला ताप आला तर थर्मामीटर फेकून द्यायचा. हे त्या माझ्याशी बोलत होत्या की भिंतीशी, कोण जाणे.

दिवसा मशीन थंडगार. बाई मुद्दाम त्याच्यावर कामाचा भार टाकून बघायच्या, तरी काटा हलायचा नाही. ऑफिस बंद झालं की थोड्या वेळात पारा चढायला सुरुवात. सकाळी आम्ही यायच्या आत सगळं ठीक. आठवड्याच्या सुटीला मात्र दिवसभर तेच रडगाणं. बाई घरून मोबाइलवर ते चढतं तापमान बघत बसायच्या आणि आमच्या रखवालदाराला, भिमाजीला, फोन करायच्या की एसी चालू आहे का बघा. भिमाजी बाहेरून बघून सांगायचा, "चालू हाय. बाहेरचा पंखा फिरतोय." खोलीला कुलूप. किल्ल्या दोनच, एक बाईंकडे आणि एक झाडलोट करणाऱ्या सुमनबाईंकडे. तरी बाईंचा संशय भिमाजीवर. तो विजेच्या काटकसरीसाठी एसीचा मेन स्विच खाली करतो असं त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी मेन स्विचवर कागद चिकटवला. भिमाजी त्या कागदाकडे बघून असा रुसला की पुढे कितीतरी दिवस त्यानं बाईंसाठी गेटसुद्धा उघडलं नाही. बाई गाडी उभी करून स्वतः गेट ढकलायच्या आणि आत येऊन माझं डोकं खायच्या.

तुम्ही म्हणाल, रात्री एकदा जाऊन बघायचं. बाईंनी ते अण्णांना विचारलंही. पण आमच्याकडे अण्णांचा नियम आहे की दिवेलागणीनंतर बायकांनी आवारात थांबायचं नाही, आणि सुटीच्या दिवशी तर कुणीच यायचं नाही. नियम चांगल्या हेतूनं केलाय, त्याला कोण काय बोलणार. बाई म्हणाल्या, मग खंडेरावांना पाठवा. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं. झालं, विषय संपला.

असं करत करत खंडेनवमी आली. आमच्यासारख्या संस्थेचा खरा सण तोच, कारण दसऱ्याचा झेंडू आदल्या दिवसापासून येतो. आवारात पाय ठेवायला जागा नसते. आधीच्या रात्री सगळ्या शेतकऱ्यांची नावं मशीनमध्ये चढत होती, हिशेब चालू होते, आणि त्याच रात्री मशीन इतकं तापलं की स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडलं. सकाळी टोकन निघेना. वजनकाटा आकडा दाखवी, पण तो आकडा कुठे जातच नव्हता. गेटपासून पार नाल्यापर्यंत पिकअपांची रांग, वर ऊन, आणि क्रेटमधला झेंडू घाम आल्यासारखा ओला होत चाललेला. मी कागदावर नावं लिहून लिलाव पुकारला. वणीकडून आलेल्या एका शेतकऱ्याचा माल कोमेजून गेला, त्यानं माझी कॉलर धरली. मी दोन शब्द बोललो, तो चार बोलला. बाईंनी मशीन चालू केलं तोवर निम्मा बाजार हातातून गेला होता.

त्या दुपारी अण्णांनी बाईंना सगळ्यांसमोर उभं केलं. अण्णा वाईट माणूस नाही, पण त्या दिवशी तेही दमलेले होते. "दिवाळीच्या बाजाराआधी मला कारण पाहिजे," ते म्हणाले. "कारण मिळालं नाही तर सगळं पुण्याच्या कंपनीला देऊन टाकतो. त्यांचा माणूस बसंल त्या खोलीत. तुम्ही काट्यावर बसा."

काट्यावर म्हणजे वजनाच्या टेबलावर. पगार तोच मिळाला असता, खुर्चीही बरी आहे. पण ती खोली बाईंनी उभी केली होती. वायर न् वायर त्यांच्या हातची. बाई काही बोलल्या नाहीत, आणि बाई बोलल्या नाहीत म्हटल्यावर मला पहिल्यांदा काळजी वाटली. भिंतीपलीकडून त्या दिवशी नुसता कीबोर्डचा आवाज येत होता.

मग बाईंनी ते मशीन पार उघडून टाकलं. पंखा बदलला. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान मोजणारा भागच खोटं बोलतोय का, म्हणून बाहेरून वेगळा थर्मामीटर लावून ताडून बघितला. कर्नलची जुनी आवृत्ती टाकली, मग पुन्हा नवी टाकली. एसीवाल्याला बोलावून त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी हाच प्रश्न विचारलेला, आणि निम्म्यांना उत्तर एकच, दुर्लक्ष करा. बाई ते वाचून दातओठ खायच्या. रोज सकाळी तीच ओळ. डबा खाताना त्या घास हातात धरून बघत बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "रात्रीच का पण?" मला विचारून काय उपयोग, मी फुलं विकणारा माणूस.

कोजागिरीला मात्र चमत्कार झाला. लागोपाठ दोन रात्री लॉग कोरा. बाईंनी शेडमध्ये येऊन भर लिलावात मला हाक मारली, की खंडेराव, गेलं एकदाचं. शेवटचा बदललेला पंखा लागू पडला म्हणून त्यांनी पेढे वाटले, भिमाजीलासुद्धा, आणि मेन स्विचवरचा कागद काढला. भिमाजीनं पेढा खाल्ला, पण बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लायवूडच्या पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी गेलो तर बाई डोकं धरून बसलेल्या. पडद्यावर तीच ओळ, तीच ओळ, तीच ओळ.

तेवढ्यात सुमनबाई आत आल्या. आमच्याकडे बरीच वर्षं झाडलोट आणि चहापाणी त्याच बघतात. बोलणं अगदी कमी. कोजागिरीला त्या सप्तशृंगीच्या गडावर गेल्या होत्या, तिकडून आणलेला प्रसाद त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेल्या. मी प्रसाद तोंडात टाकला. बाईंनी टाकला नाही. त्या हातातल्या साखरफुटाण्यांकडे बघत राहिल्या आणि मग दाराकडे.

"खंडेराव," त्या म्हणाल्या, "मावशी कधी गेल्या होत्या गडावर?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझ्याही डोक्यात उजेड पडला.

त्या संध्याकाळी बाई नेहमीसारख्या पर्स घेऊन निघाल्या, गाडी गेटबाहेर लावली आणि मागच्या बाजूनं येऊन शीतगृहाच्या बोळात उभ्या राहिल्या. मला बरोबर घेतलं होतं, कारण अण्णांच्या नियमाचा भंग करायचा तर साक्षीदार पाहिजे म्हणे. त्या बोळात अशी थंडी की माझे दात वाजायला लागले. खोलीचं दार तिथून सरळ दिसतं.

सुमनबाईंनी केर काढला. फरशी पुसली. मग मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि कपाटाच्या मागून घडी केलेलं काहीतरी काढलं. ते झटकलं तेव्हा कळलं की गोधडी आहे. जुन्या नऊवारींचे चांगले चार थर, बारीक धावदोऱ्यानं भरलेली, आणि डब्याच्या मापानं पिशवीसारखी शिवलेली. वरून काठाला हिरवी पट्टीसुद्धा लावली होती. ती त्यांनी मशीनच्या डोक्यावरून अलगद खाली ओढली, पुढून नीट केली, मागून खोचली, कुठे फट राहिली का ते वाकून बघितलं. मग हात जोडले आणि दिवा बंद केला.

मला वाटलं आता बाई फुटणार. फुटल्याच. "मावशी" म्हणून त्या अशा ओरडल्या की सुमनबाईंच्या हातातली किल्ली पडली. मग बाईंनी गणपतीपासूनचं सगळं काढलं. पंखा, पेस्ट, एसीवाला, खंडेनवमी, वणीचा शेतकरी, काटा, भिमाजी. मशीनला श्वास घ्यायला पुढून-मागून जागा लागते, तुम्ही त्याला गोधडीत गुंडाळून ठेवलंत. विचारायचं तरी एकदा. सुमनबाई भिंतीला पाठ लावून ऐकत होत्या. गोधडी काढून त्यांनी कधी छातीशी धरली ते मला दिसलंच नाही.

बाईंचा दम संपला तेव्हा त्या बोलल्या. "गणपतीत रस्ता खांदला व्हता," त्या म्हणाल्या. "समदी धूळ आत येत व्हती. तुम्ही रोज सांगत व्हत्या, धुळीनं हे मशीन मरंल एक दिवस. अण्णास्नी सांगितलं, खंडेरावास्नी सांगितलं. कुणी काय केलं नाय. मला वाटलं, आपुन शिवून टाकू. सकाळी तुम्ही यायच्या आत काढीत व्हते. तुमाला कुणी हात लावल्यालं चालत नाय ना, म्हून बोलले नाय."

खरं होतं ते. रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा बाई रोज सगळ्यांच्या डोक्याशी धूळ धूळ करत होत्या, ग्रुपवर लिहीत होत्या, आणि आम्ही कुणी खिडकीची फटसुद्धा बुजवली नव्हती. बाई तिथेच खुर्चीत बसल्या. रागावल्या तर होत्याच, पण डोळ्यांत पाणी पण आलं होतं. मशीन झाकायचं नसतं, पुन्हा झाकू नका, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. सुमनबाईंनी मान हलवली, घडी घातली आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशीपासून लॉग कोरा. आता राहिली अण्णांची मीटिंग. दिवाळीच्या बाजाराआधी सगळे संचालक जमले. पुण्याच्या कंपनीचा माणूसही कोट घालून येऊन बसला होता. बाईंनी उभं राहून सांगितलं की कारण सापडलं, मशीनची हवा अडत होती, आता मोकळी केली आहे. तेवढ्यावर भागलं असतं असं मला वाटलं होतं. पण अण्णांनी विचारलं, "कशानं अडत होती?"

इथे बाईंना कापडानं म्हणता आलं असतं. धूळ येऊ नये म्हणून झाकलं होतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे संचालक मान वर करून बाईंचं ऐकत होते. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. बाईंना स्फुरण चढलं. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. बोळातली थंडी, धुतलेले हात, चार थर, हिरवी पट्टी, जोडलेले हात. नाव घेऊन सांगितलं. वरून गोधडी कशी खोचली ते हातानं करून दाखवलं.

आम्ही सगळे खूप हसलो. अण्णा डोळे पुसत होते. कोटवाला तर खुर्चीवरून पडायचा राहिला. कुणी म्हणालं, थंडी वाजत असंल बिचाऱ्याला. कुणी म्हणालं, आता स्वेटर विणा म्हणावं. आणि त्याच वेळी सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. बाई पाठमोऱ्या होत्या, त्यांना दिसलं नाही. हसणं थांबलं तेव्हा सुमनबाईंनी सगळ्यांसमोर एकेक कप ठेवला, बाईंसमोरही ठेवला आणि ट्रे घेऊन त्या परत गेल्या.

खोली बाईंकडेच राहिली. पुण्याचा माणूस चहा पिऊन गेला. दिवाळीच्या बाजारात मशीन एकदाही अडलं नाही, टोकनं भराभर निघाली, मी आवाज बसेपर्यंत पुकारलं. अण्णांनी बाईंचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

पण ती गोधडी काही मिटली नाही. हमालांपर्यंत गोष्ट पोचली, हमालांकडून शेतकऱ्यांपर्यंत. सुमनबाई शेडमधून चालल्या की कुणीतरी हळूच म्हणायचं, मावशी, माझ्या पिकअपला एक शिवा की, इंजिनाला सर्दी झालीय. एकानं तर लिलावात ओरडून विचारलं, मी त्याला आईवरून शिवी दिली, तर लोक आणखी हसले. सुमनबाईंनी फक्त एक केलं. संगणकाच्या खोलीची किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली. "त्या खोलीचं दुसऱ्या कुणाला सांगा," म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाय."

बाईंनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. चहा प्यायला बोलावलं, मशीनची पुढची जाळी दाखवते म्हणाल्या, बाजूनं झाकलं तरी चालतं म्हणाल्या. सुमनबाई बाहेरूनच हो हो म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. खोली आता बाई स्वतः झाडतात. धुळीचं त्यांचं पुन्हा सुरू झालं आहे, ग्रुपवर रोज सकाळी येतं, आणि खाली नमस्कार आणि सुप्रभात.

उन्हाळ्याच्या तोंडाला सुमनबाई निवृत्त झाल्या. शेडमध्येच निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, बुके. फुलांच्या संस्थेत बुकेला काय तोटा. अण्णांनी भाषण केलं. बाई प्रामाणिक, बाई कष्टाळू, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांना गंमत करायची हुक्की आली. म्हणाले, आजवर आपण त्यांना काही दिलं नाही, पण त्यांनी आपल्या सर्व्हरला गोधडी दिली. शेडभर हशा पिकला. सुमनबाई नारळाकडे बघत बसल्या होत्या.

उज्वलाबाई उठल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या हातातून माइक घेतला, घेतला म्हणजे जवळजवळ ओढलाच. त्यांचा आवाज असा चढलेला मी भिंतीपलीकडूनही कधी ऐकला नव्हता. "मी या ऑफिसात रोज बोलते," त्या म्हणाल्या. "रोज लिहिते. तुम्ही कुणी कधी ऐकलंत? धूळ येतेय म्हटलं तर कुणी खिडकी लावली? या एका बाईनं ऐकलं. घरच्या साड्या फाडून रात्री बसून शिवलं. चुकलं, पण ऐकलं तरी. आणि तुम्ही तिलाच हसताय."

कुणी हसलं नाही. अण्णा खाली बघायला लागले. मला वाटलं, चला, शेवटी बोलल्या. त्यांनी माइक ठेवला आणि त्या सुमनबाईंकडे बघत उभ्या राहिल्या, काहीतरी ऐकायच्या आशेनं.

सुमनबाई उठल्या. शाल घडी करून पिशवीत घातली, नारळ घातला, बुके शेजारच्या बाईला दिला. मग उज्वलाबाईंच्या समोर येऊन थांबल्या. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे त्या दिवशी मीटिंगीत बोलायला पाहिजे व्हतं, मॅडम."

सुमनबाईंनी भिमाजीला गेट उघडायला सांगितलं आणि त्या पायी स्टँडकडे निघाल्या. बाई माइकजवळ उभ्याच होत्या. जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली तेव्हा मी जाऊन त्यांना खुर्चीवर बसवलं.